ड्रॅगनला कोण उठवणार?

बालवाडीच्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते खडूच्या धुळीसारखे पदराला लागून घरी येतात. संध्याकाळी पदर झटकला की दोन-तीन तरी खाली पडणारच! नोकरीभर मी झटकत आले, तरी काही चिकटून राहिले ते राहिलेच. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच प्राण्याचे आहेत. रंग हिरवा, पोट पिवळं, वय अंदाजे पाच. हो, ड्रॅगन! हसा खुशाल. पण नाशिक रोडला आमच्या कॉलनीत कित्येक वर्षं रोज सकाळी एक ड्रॅगन उठत होता, आणि त्याला उठवणं हे माझ्या नोकरीचं काम होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉलनीच्या बुद्धविहाराला लागून एक लांबट खोली होती, तिथे आमची बालवाडी भरायची. मुलं चाळीस आणि आम्ही तिघी. पगारेबाई मुख्य. त्या श्वाससुद्धा टाइमटेबल बघून घेत असाव्यात. गंगूमावशी मुलांना घरून आणायची, नाकं पुसायची, खाऊची सुकडी वाटायची. ती निफाडकडची आणि तिची बोलीही तिकडचीच. तिसरी मी, सगळ्यांची शालूताई. बहुतेक मुलांचे वडील नोटा छापायच्या प्रेसमध्ये पहिल्या पाळीला जायचे, म्हणून बालवाडीही सकाळी सातलाच सुरू व्हायची. सातला चाळीस मुलं कशी पेंगत असतात, हे ज्याने पाहिलंय त्याला मी का ड्रॅगनच्या नादी लागले ते कळेल.

* * *

प्रेसमध्ये यंत्रं बसवायला आलेले कोणी परदेशी इंजिनियर बंगला सोडून गेले, त्यांची रद्दी आमच्या रद्दीवाल्याकडे आली. त्यात एक चित्रांचं पुस्तक होतं. पुठ्ठे दोन्हीकडचे गेलेले, अक्षरं वरून खाली उभी लिहिलेली. रद्दीवाल्याने ते बालवाडीला देऊन टाकलं.

वाचता कुणालाच येईना. पण चित्रं काय गोड होती! पहिल्या चित्रात ड्रॅगन पांघरुणात झोपलेला. मग तो दात घासतो, आंघोळ करतो, बशीतलं काहीतरी खातो आणि शेवटी दप्तर पाठीला लावून दारात उभा. म्हणजे झालं ना, सकाळचा सगळा कार्यक्रम!

गंगूमावशीने पुस्तक हातात घेऊन खूप वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "ही घोरपड हाय. लय खाऊन माजलीय."

"मावशी, हिला पंख आहेत."

"मंग उडती घोरपड हाय."

"आणि तोंडातून जाळ निघतोय तो?"

"तिखट लागलं आसंल!"

* * *

आंघोळीच्या चित्रात टबातून वाफा निघत होत्या. संजू नावाच्या मुलाने विचारलं, "ताई, पाणी कोणी तापवलं?"

मी म्हटलं, "त्यानंच. बंबात एक फुंकर मारली की झालं. लाकडं नकोत, रॉकेल नको!"

मला वाटलं, काय छान उत्तर दिलं. चार दिवसांनी संजूचे वडील दारात. चेहरा तापलेला, पण बाकी अंगाला पाणी लागलेलं दिसत नव्हतं.

"ताई, आमचा संजू रोज सकाळी थंड बंबासमोर उकिडवा बसतो आणि फुंकतो. त्याची आई काडी लावायला गेली की गळा काढतो. म्हणतो, आधी माझ्या तोंडातून निघू दे! मी तीन दिवस बिनआंघोळीचा ड्यूटीला जातोय."

मी संजूला जवळ घेतलं आणि समजावलं की जाळ असा एकदम निघत नाही. पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. संजूला पटलं. तो शहाण्यासारखी मान हलवून गेला आणि मी सुटले.

दुसऱ्या दिवशी वडील पुन्हा दारात!

"ताई, आता तो मला फुंकायला बसवतो. म्हणतो, बाबा, तुम्हाला पाच पूर्ण झालीत!"

* * *

दात घासायचं पान कोणीतरी चघळून टाकलं. कोणी, ते कळलं नाही, कारण चाळीसही तोंडं निरागस होती. पण आठवड्याभरात आया तक्रार घेऊन आल्या. मुलं दात घासेनात! विचारलं तर एकच उत्तर, "ड्रॅगन कुठे घासतो?"

पगारेबाई मला म्हणाल्या, "शालिनी, पान तू काढ." चित्रकलेचं आणि माझं कधीच जमलं नाही. मी काढलेला ड्रॅगन ओल्या छत्रीसारखा दिसतो, असं पगारेबाईच म्हणाल्या. तरी मी त्याच्या हातात लाल प्लास्टिकचा ब्रश दिला आणि मुलांपुढे धरला.

"ब्रश वितळेल!" मुलं ओरडली.

खरंच की. मी ब्रश खोडला आणि बाभळीची काडी काढली.

"जळेल!"

काडी खोडली. शेवटी विचार करकरून त्याच्यापुढे राखुंडीची डबी काढली. आता बोला! मी विजयी मुद्रेने पान चिकटवायला घेतलं, तेवढ्यात मागून चार वर्षांचा अशोक शांतपणे म्हणाला, "ताई, डबी कशाला? राख त्याच्या तोंडातच असते."

पगारेबाईंनी हजेरीपट तोंडासमोर धरला. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. हजेरीपट मात्र बराच वेळ हलत होता.

* * *

एकदा तपासणीला साहेब आले. येवल्याहून एसटीने आले होते, परतीची गाडी धरायची घाई होती. त्यांनी उभ्या उभ्याच मुलांना विचारलं, "सांगा बरं, सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं?"

अपेक्षित उत्तर होतं सूर्य. पण चाळीस गळ्यांतून एकच उत्तर आलं, "ड्रॅगन!"

साहेब गोंधळले. "अरे, आणि सूर्य?"

संजू उभा राहिला. "त्याला ड्रॅगनच पेटवतो!"

पगारेबाईंनी डोळे मिटले. साहेबांनी मात्र घड्याळ पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि चटईवर मांडी घालून बसले. "कसं पेटवतो, ते नीट सांग." मग एकेक मूल सांगत गेलं. आधी तो डोंगरावर चढतो, थंड सूर्यावर हात फिरवतो, तो ओला आहे का बघतो, मग हळू फुंकर मारतो. जोरात मारली तर दुपार होईल! साहेब ऐकत राहिले आणि त्यांची येवल्याची गाडी गेली.

जाताना शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं, "मुले चौकस आहेत. सूर्याबाबत पुन्हा शिकवावे."

शेरा म्हणजे पगारेबाईंना हुकूमच. पुढच्याच बुधवारी त्यांनी टाइमटेबलमध्ये सूर्य घातला आणि सातला सगळ्या मुलांना पटांगणात उभं केलं. जानेवारीची थंडी, समोर इतकं धुकं की रस्त्यापलीकडची घरं गायब! आम्ही सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे. बराच वेळ नुसतं पांढरं होतं आणि मग त्या पांढऱ्यात मागून हळूहळू लाल चढायला लागलं. तेवढ्यात एक मुलगी माझा पदर ओढून कुजबुजली, "ताई, माझ्या तोंडातून येतंय."

मी पाहिलं. चाळीसही तोंडांतून वाफ निघत होती. मुलं माना वर करून सूर्याच्या दिशेने हळू हळू फुंकत होती आणि तो खरंच वर येत होता. इतकं सुंदर मी आयुष्यात फार थोडं पाहिलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला कसली लाज! मी वळून पगारेबाईंकडे पाहिलं, तर त्याही ओठांचा चंबू करून फुंकत होत्या.

मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी शाल सावरली. "चला रे आत," त्या म्हणाल्या. "सूर्य नंतर कधीतरी शिकवू."

* * *

मग एक दिवस कॉलनीतले एक जावई भाचीला सोडायला आले. ते मालवाहू जहाजावर नोकरीला होते, सगळी बंदरं फिरलेले. पुस्तक बघून म्हणाले, "अरे वा, जपानी! लहान मुलांचं जपानी मला थोडं वाचता येतं."

आम्ही तिघी हातातलं काम टाकून जवळ गेलो. आपल्या ड्रॅगनचं खरं नाव तरी कळेल! त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पालथं केलं आणि भलत्याच बाजूने उघडलं.

"अहो, ते शेवटचं पान आहे," मी म्हटलं.

"नाही ताई, हे पहिलं. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. हा बघा, शाळेतून घरी आला. खाऊ खाल्ला, आंघोळ केली, दात घासले आणि झोपला. झोपताना लहान मुलांना वाचून दाखवायची गोष्ट आहे ही."

दारात उभ्या असलेल्या ड्रॅगनच्या पायांना चिखल होता. आंघोळ करून हा मळतो कसा, असं मुलं नेहमी विचारायची आणि आम्ही नाशिक रोडच्या रस्त्यांवर खापर फोडायचो!

गंगूमावशीने कपाळावर हात मारला. "तरीच! आंघूळ झाल्यावर बी जांभया देत व्हता मेला!"

पगारेबाई मात्र खाली बसल्या. त्यांनी पुस्तक एकदा इकडून चाळलं, एकदा तिकडून. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपण एका दमलेल्या मुलाला झोपू दिलं नाही."

त्यांना मनापासून लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमच बदलले. तोवर पहिलं पान उघडलं की चाळीस मुलं "ऊऽऽठ!" म्हणून बोंबलायची. ते बंद. रोज एकाच मुलाचा नंबर. त्याने ड्रॅगनच्या नाकावर बोट ठेवायचं आणि आवाज न चढवता उठवायचं. आणि साडेदहाला घरी जाताना पुस्तक उलट्या बाजूने वाचून त्याला पुन्हा झोपवायचं.

"झोपलेल्याला दचकवायचं नाही," पगारेबाई मुलांना म्हणाल्या. "तो कुठे गेलेला असतो, आपल्याला काय माहीत?"

दिवाळीपर्यंत त्या नाकावरचा हिरवा रंग पार उडाला.

* * *

आता रेखाची गोष्ट सांगते. ही सांगताना मला अजूनही मध्ये थांबावं लागतं.

रेखा साडेचार वर्षांची. पुढच्या पावसाळ्यात तिची आई काविळीने गेली. वडील सुदाम भालेराव, प्रेसमध्ये पहिल्या पाळीला. घरात दोघंच. आई गेल्यापासून रेखा सकाळी उठेना. झोपलेली नसायची, पापण्या हलताना दिसायच्या. पण डोळे उघडायचे नाहीत म्हणजे नाहीत. उठवायची ती आई. ती येऊन उठवेल म्हणून ही पडून राहायची. सुदाम तिला तशीच शालीत गुंडाळून आमच्याकडे आणायचा आणि ती कोपऱ्यातल्या चटईवर तशीच मिटल्या डोळ्यांनी नऊ-साडेनऊपर्यंत पडायची. ना तोंड धुणं, ना खाणं. हात काड्यांसारखे झाले होते.

मग लासलगावहून तिची आत्या आली. आत्याबाई मार्केटात कांदा निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम. आवाज खणखणीत, पहाटे चारच्या पुढे कधी अंथरुणात राहिलेल्या नाहीत. त्यांनी पोरीकडे एकदा पाहिलं आणि भावाला सांगितलं, "सुदाम, पोरगी वाळून चाललीय. मी हिला लासलगावला नेते. माझ्याकडं चार पोरी हायेत, त्यांच्यात वाढंल."

बाई वाईट नव्हत्या. खरं तेच बोलत होत्या. सुदामलाही ते कळत होतं. तो माझ्याकडे आला आणि बालवाडीच्या पायरीवर बसला. म्हणाला, "ताई, अक्का म्हणते ते बरोबर आहे. पण ही पण गेली तर पाळी सुटल्यावर मी घरी कशाला जाऊ?"

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

त्याने बहिणीचे पाय धरले तेव्हा तिने आठ दिवस दिले. "पुढल्या सोमवारपातूर बघते. कोणी उठवायचं नाय. आपणहून उठली तर तुझी, नाय तर माझी." आणि आठ दिवस त्या रोज रेखाबरोबर बालवाडीत येऊन हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसल्या. पोरीवर लक्ष ठेवायला!

पहिल्याच दिवशी ड्रॅगन बघून म्हणाल्या, "आसलं जनावर कुठं आसतं का? मी रोज चारला उठते, मला तर कधी दिसलं नाय."

संजूचा धाकटा भाऊ तेव्हा आमच्याकडे होता. तो म्हणाला, "तुम्ही त्याच्या आधी उठता ना, म्हणून!"

आत्याबाईंना कोणी निरुत्तर केलेलं पाहिल्याचं गंगूमावशी पुढे महिनाभर सांगत होती.

गुरुवारी रेखाचा नंबर होता. ती कोपऱ्यात तशीच पडलेली. मी पुस्तक घेऊन तिच्या शेजारी चटईवर आडवी झाले आणि पहिलं पान तिच्या तोंडासमोर धरलं. "रेखा, आज तुझा नंबर आहे. तू उठवलं नाहीस तर तो उठायचा नाही." चाळीस मुलं गुडघ्यांवर सरकत जवळ आली. किती वेळ गेला कोण जाणे. माझा हात भरून आला. मग एक पापणी जराशी किलकिली झाली. समोर कोणीतरी झोपलंय हे तिने पाहिलं. तिने शालीतून बोट काढलं, त्याच्या नाकावर ठेवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस गं?"

"त्याला सांगितलं."

पुढे काही नाही. पण शुक्रवारी ती आल्या आल्या नंबर मागायला लागली आणि शनिवारीही. ज्यांचे नंबर होते त्यांनी ते तिला देऊन टाकले. अर्थात फुकट नव्हे, तिच्या वाट्याच्या सुकडीवर! घरी मात्र काही फरक नव्हता. रविवारी तर सुदाम म्हणाला, दहा वाजेपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.

सोमवारी पहाटे मी त्यांच्या घरी गेले. सुदामनेच बोलावलं होतं, अक्काशी शेवटचं बोलून बघा म्हणून. दार लोटलेलं होतं. दाराशी रेखाची पत्र्याची पेटी बांधून तयार. आठची एसटी होती. सुदाम स्टोव्हसमोर बसून चहा उकळत होता, तो कधीच उकळून झाला होता. खालच्या अंथरुणात एका गोधडीत आत्या आणि भाची. आत्याबाई आज चारला उठल्या नव्हत्या याचं मला नवल वाटलं. हाक मारायची नाही, हे ठरलेलं होतं. मी सुदामशेजारी खाली बसले आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

बाहेर उजाडायला लागलं. शेजारच्या नळाला पाणी आलं, बादल्या वाजल्या. सुदामची निघायची वेळ झाली, तो हलला नाही.

मग गोधडी हलली. रेखा उठून बसली. डोळे टक्क उघडे. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती आत्याबाईंकडे वळली, त्यांच्या नाकावर बोट ठेवलं आणि हळू म्हणाली, "आत्या, ऊठ."

आत्याबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "माझं शेपूट गोधडीत आडाकलंय. आधी ते सोडव."

रेखा पायथ्याकडे गेली, गोधडीत डोकं घातलं, कंबरेपर्यंत आत शिरली. आतून बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग विस्कटलेल्या केसांनी ती बाहेर आली. "सुटलं."

आत्याबाई उठून बसल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि दाराकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुदाम, बघत काय बसलास? पेटी उघड, पोरीचा फराक काढ. शाळेला उशीर व्हईल!"